तुमच्याकडे कुत्री असतीलच ना

काकूंनी तो प्रश्न माझ्या ताटात दुसऱ्यांदा वरण वाढताना विचारला होता. "तुमच्याकडे कुत्री असतीलच ना रे?"

"हो," मी म्हणालो.

त्यात खोटं काही नव्हतं. माझे वडील मेंढपाळ आहेत. वर्षातले बरेच महिने ते आणि आई मेंढरं घेऊन गावोगाव हिंडतात, कुणाच्या तरी रिकाम्या रानात मुक्काम टाकतात, आणि मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या बाहेर आमची कुत्री राखणीला बसतात. पण काकूंना विचारायचं होतं ते वेगळं, हे मला तेव्हाही कळलं होतं. त्यांना विचारायचं होतं, तुला कुत्री सांभाळता येतात ना? त्याचं उत्तर 'नाही' होतं. मला पहिलीलाच आश्रमशाळेत घातलं. तिथून पुढे वसतिगृह, मग तालुक्याचं कॉलेज, मग दिल्ली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि मेंढरांमागे न चाललेलाही मी पहिलाच. सुट्टीत घरच्यांचा मुक्काम असेल तिथे मी जायचो, तेव्हा आमची कुत्री माझ्यावरच भुंकायची. आई त्यांना हाकलायची आणि मी तिच्यामागे उभा राहायचो.

हे सगळं वरणभाताच्या ताटावर बसून सांगण्यासारखं नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

ही मंडळी मूळची पुण्याकडची. काका केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, राहायला आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टर. मी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, मुनिरक्यात, एका मित्राबरोबर खोली घेऊन राहतो, एम. ए. करतो आणि जमेल तसा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास. मराठी मंडळाच्या गणपतीत मी खुर्च्या उचलत होतो, तेव्हा काकूंनी "कुठला रे तू?" म्हणून विचारलं, आणि तेव्हापासून रविवारचं जेवण त्यांच्याकडे ठरून गेलं. त्यांना एकच मुलगी, सातवीतली, दिल्लीतच वाढलेली. पहिल्या दिवशी ती मला 'भैया' म्हणाली. आईने डोळे वटारल्यावर 'दादा'.

पिल्लू त्यांना खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दिलं होतं, बदली होऊन जाताना. लॅब्राडॉर, बिस्किटाच्या रंगाचं. नावावरून मायलेकींचं जमत नव्हतं, म्हणून ते पिल्लूच राहिलं होतं. दिसायला गरीब, पण दात सुईसारखे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या घोट्याला लागायचं, हात पुढे केला की चावायचं, चपला तर दाराच्या वर खिळ्याला टांगून ठेवाव्या लागत.

"मग झालं तर," काकू काकांकडे वळून म्हणाल्या. "मेंढपाळाच्या घरातला मुलगा आहे. याच्याइतकं कुणाला कळणार? तो ट्रेनर दोन दिवस आला आणि फोनच उचलेनासा झाला."

"अच्छा?" काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मग मास्तर, उद्यापासून क्लास सुरू करा. दिवाळीला आमच्या मातोश्री येतायत. तोवर याला वळण लागलं तर ठीक."

"आणि नाही लागलं तर?" मुलीने विचारलं.

"तर मग फार्महाऊस. मी बोलून ठेवलंय."

काकांच्या एका सहकाऱ्याचं दिल्लीबाहेर, सोहन्याच्या बाजूला फार्महाऊस होतं. मुलीने पानावरून हात उचलला. "तिथे बांधून ठेवतात, बाबा. पूरा दिवस. मी बघितलंय."

काका चिडले नव्हते. त्यांच्या आईचं गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या नऊवारी नेसतात, काठी घेऊन चालतात. "याने पदर धरून ओढला आणि आई पडली, तर मी कुणाला सांगू?" ते म्हणाले. मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. त्या क्षणी तरी मी बोलायला हवं होतं. मी ताक प्यालो.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी जाऊ लागलो.

कुत्र्यांबद्दल मला एकच गोष्ट माहीत होती, तीही लहानपणी बघितलेली. एका सुट्टीत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवीन पिल्लू आणलं होतं. ते त्याच्यासमोर घोंगडीचं टोक हलवायचे. पिल्लू झेप घेऊन टोक पकडायचं, गुरगुरायचं, आबा घोंगडी ओढायचे, पिल्लू सोडायचं नाही. कधी कधी तर ते घोंगडीला लोंबकळत अधांतरी यायचं, आणि सगळे "वा रे वाघा" म्हणून हसायचे. ते पिल्लाला शिकवणं आहे, इतकंच माझ्या डोक्यात राहिलं होतं. कशासाठी शिकवणं, हे मी विचारलं नव्हतं. मला वाटलं, असं खेळवलं की पिल्लू दमेल, आणि दमलं की माणसांना चावणार नाही.

मी काकूंकडून एक जुना टॉवेल मागून घेतला.

पिल्लाला तो खेळ फार आवडला. मुलीला तर त्याहून जास्त. टॉवेलचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या तोंडात, आणि दोघं हॉलभर. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या. "बघा, कसं ऐकतंय त्याचं," त्या काकांना म्हणायच्या. खरं तर ते माझं काहीच ऐकत नव्हतं. पण काकूंच्या आवाजात असा काही अभिमान असायचा, की तो ऐकून माझी मान खाली जायची, आणि त्यांना तो विनय वाटायचा.

थोड्याच दिवसांत पिल्लू बदललं. आधी ते हाताशी आलेलं चावायचं. आता ते शोधायला लागलं. पडद्याचं टोक, वर्तमानपत्र, काकांच्या पायजम्याची मोहरी, दोरीवर वाळत घातलेली ओढणी. जे हलतं ते धरायचं आणि धरलं की सोडायचं नाही. काकूंचा एक ड्रेस बाल्कनीतून ओढून त्याने हॉलमध्ये आणला, थेट माझ्या पायांशी. शेपूट हलवत. जणू विचारत होतं, ओढतोस ना?

मुलीच्या मनगटांवर ओरखडे दिसू लागले. उकडत असतानाही ती घरात पूर्ण बाह्यांचं घालायची, कुणी बघू नये म्हणून. मला मात्र दाखवायची. "दादा, बाबांना नको सांगू. आणखी थोडं ट्रेनिंग झालं की पक्कं होईल ना?"

"होईल," मी म्हणायचो.

काका बूट काढताना एकदा म्हणाले, "काय हो मास्तर, तुमचा विद्यार्थी तर उलटाच चाललाय. पहिलीतून बालवाडीत."

"हळूहळू येतं ते," काकू म्हणाल्या. "त्याला माहीत आहे. तुम्ही मध्ये बोलू नका."

आता मी रोजच तिथे जेवत होतो. भरल्या वांग्याचा तो वास मुनिरक्याच्या खोलीत कुठून येणार? त्यामुळे घंटी वाजवताना मला दोन गोष्टी वाटायच्या. एक म्हणजे भूक. आणि दुसरी, आज तरी पिल्लू झोपलेलं असावं.

शेवटी मी आबांना फोन केला. दुपारची वेळ होती. वाचनालयाबाहेरच्या कट्ट्यावर बसलो होतो. त्यांचा फोन लागणं नशिबाचं असतं. त्या दिवशी लागला. मागे मेंढरं ओरडत होती आणि कुणीतरी त्यांना "हुर्र हुर्र" करत होतं.

"आबा, पिल्लू चावायचं थांबवायचं असलं तर काय करतात?"

"कुणाचं पिल्लू?"

"इथं ओळखीच्यांचं आहे."

आबा हसले. "थांबवायचं? आरं, चावंना झालं तर ठेवायचं कशाला ते?" त्यांनी तिकडे कुणाला तरी सांगितलं, "पोरगं इचारतंय पिल्लाचं चावणं कसं थांबवायचं," आणि तिकडची माणसंही हसली.

"पण तुम्ही घोंगडी ओढायला लावायचा ना पिल्लाला? ते शिकवणंच होतं ना?"

"व्हय की. तिखट व्हावं म्हणून. लांडग्याच्या अंगावर जायचं तर जबडा घट्ट पायजे." मग ते जरा थांबले. "घरात ठेवत्यात त्या कुत्र्याचं मला काय ठावं न्हाय बाबा. आमच्या पिल्लांना मोठी कुत्रीच शिकवत्यात. पर तुला कुणी लावलं ह्या कामाला?"

"त्यांना वाटलं, मला येत असेल."

पलीकडून बराच वेळ फक्त मेंढरांचा आवाज आला. 

"तुला कसं येणार," आबा म्हणाले. "तू हुतास कुठं."

ते रागाने बोलले नव्हते. आज पाऊस नाही, असं सांगावं तसं ते म्हणाले, आणि मग पैलवानासारखं खात जा वगैरे नेहमीचं. पण मला कट्ट्यावरून उठवेना. मी चांगलं शिकावं म्हणून त्यांनीच मला पाठवलं होतं, त्यात माझा दोष नव्हता आणि त्यांचाही. तरीही लाज वाटली. काकूंना मी जे आहे असं वाटत होतं, ते मी नाही, इतकीच ती लाज नव्हती. मी ते असायला हवं होतं, असंही कुठेतरी आत वाटत होतं.

"त्यांना सांगून टाक की," फोन ठेवताना आबा म्हणाले होते.

मी सांगितलं नाही. मी वाचायला बसलो. मला वाचता येतं. लहानपणापासून तेच करत आलोय. पिल्लांच्या सवयींवर जे मिळेल ते फोनवर वाचलं, व्हिडिओ पाहिले. सगळीकडे जवळपास तेच होतं. पिल्लू खेळ म्हणूनच चावतं. दात लागले की खेळ तिथेच बंद करायचा: ओरडायचं नाही, मारायचं नाही, हात झटकन ओढायचा नाही, फक्त खांबासारखं उभं राहायचं आणि नजर वळवायची. शांत झालं की त्याचं स्वतःचं खेळणं त्याला द्यायचं. आणि घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं; एकाने जरी चावू दिलं तरी बाकीच्यांचं वाया जातं. लवकर केलं तर सवय सुटते, उशीर झाला तर मुरते. आणि एका ठिकाणी अगदी सुरुवातीलाच लिहिलं होतं, की अंगावरच्या किंवा घरातल्या कपड्यांशी ओढाओढी खेळू नका. मी फोन उलटा ठेवला आणि वाचनालयात इकडेतिकडे पाहिलं, कुणी माझ्या खांद्यावरून वाचलं तर नाही ना म्हणून.

त्या संध्याकाळपासून मी खांब झालो. टॉवेल सोफ्यामागे टाकून दिला. पिल्लाने माझी पँट धरली की मी थिजायचो. ते आश्चर्याने वर बघायचं, आणखी ओढायचं, मग सोडायचं. मला बरं वाटायला लागलं होतं. पण मुलीने सोफ्यामागचा टॉवेल शोधून काढला.

"दादा, तू उभा राहिलास की ते बोअर होतं. मी करते ना टॉवेलवाली ट्रेनिंग. तू शिकवलेली."

"आता ती जरा कमी कर."

"का?"

का, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. "असंच," मी म्हणालो. सातवीतल्या मुलीला 'असंच' पुरत नाही. मी गेल्यावर तिने आणखी जोरात ट्रेनिंग केली असणार, कारण दिवाळी जवळ येत होती आणि ती आपल्या परीने पिल्लाला वाचवत होती.

मग एका रविवारी तिनेच तालमीची कल्पना काढली. आजी आल्यावर कसं होईल, ते आधीच बघून घेऊ. तिने काकूंची एक साडी कशीबशी गुंडाळली, कमरेत वाकली, हातात काठी म्हणून छत्री घेतली आणि आतल्या खोलीतून आजीच्या आवाजात बोलत आली. "अगं बाई, हे काय कुत्रं पाळलंय! दूध देतं का हे?" काका पेपर बाजूला ठेवून हसले. काकूंनी तोंडाला हात लावला. "शहाणे, सासूबाईंची नक्कल करतेस?" मीही हसलो. आणि पिल्लाने जमिनीवर सरपटत येणारा पदर पाहिला.

त्याने झेप घेतली, टोक धरलं आणि मागे हिसका दिला, अगदी आमच्या रानातल्या पिल्लासारखा, चारही पाय रोवून. मुलगी "छोड, छोड" म्हणत ओढायला लागली. तिने ओढलं तसं त्याला जोर चढला. साडी पायात अडकली आणि ती तोंडावर पडली, टीपॉयच्या कडेवर. ओठ फुटला. पिल्लाने तोवरही पदर सोडला नव्हता. ते शेपूट हलवत होतं.

काकूंनी ओल्या रुमालाने तिचा ओठ दाबला. काका उठले, पिल्लाला बाल्कनीत घातलं आणि दार लावलं. "बस. आता बिल्कुल नाही. आईच्या जागी ही पडली, नशीब समजा. उद्या मी फोन करतो."

मुलगी रडत होती, पण ओठासाठी नाही. "बाबा प्लीज. दादा शिकवतोय ना. थोडा वेळ द्या ना."

"किती वेळ? तो रोज येतोय बिचारा."

"तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या. त्या मला सांभाळून घेत होत्या, म्हणूनच ते ऐकणं जड गेलं. "मेंढपाळाच्या घरातल्या मुलालासुद्धा जमेना, म्हणजे त्या कुत्र्याचीच जात खराब. त्याला कोण काय करणार?"

बाल्कनीच्या काचेपलीकडे पिल्लू मागच्या पायांवर उभं राहून आत बघत होतं. पदराचा एक धागा त्याच्या दातांत अडकला होता.

"काकू, त्याची जात खराब नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "मी शिकवलं त्याला."

"अरे, तू तर प्रयत्न—"

"नाही. ओढायला मी शिकवलं. आमच्याकडे असंच करतात, पण लांडग्यासाठी. आणि तेही मला नीट माहीत नव्हतं. मला कुत्री सांभाळता येत नाहीत. मी लहानपणापासून वसतिगृहात होतो. मला आमच्या कुत्र्यांचीसुद्धा भीती वाटते."

मुलीने तोंडावरचा रुमाल काढून माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मी विसरू शकत नाही. तिला राग आला नव्हता. तिला काही समजतच नव्हतं.

"मग पहिल्याच दिवशी का नाही बोललास?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही इतक्या विश्वासाने म्हणालात..." मी म्हणालो.

काकू तिच्या हातातला रुमाल घेऊन त्याची घडी घालत बसल्या. घालायची, मोडायची. त्यांचा चेहरा तांबूस झाला होता. "मी विचारलं तरी कुठे," त्या हळूच म्हणाल्या. "मी धरूनच चालले."

काकांनी चष्मा काढून पुसला. कार्यालयातली माणसं करतात तसे ते मुद्द्यावर आले. "मग आता उपाय काय? की नाहीच?"

"आहे. पण मला येतो म्हणून नाही, मी वाचलंय म्हणून सांगतो. आणि तुम्ही सगळ्यांनी केलं तरच होईल."

मी खांबाचं सांगितलं. मुलगी फुटक्या ओठांनीच म्हणाली, "मी बनेन खांब." काकांनी बाल्कनीकडे पाहिलं. "आई येईपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर मी ऐकणार नाही."

टॉवेल काकूंनी कापून फरशी पुसायला घेतला, तेव्हा पिल्लू फरशी पुसणाऱ्या बाईंच्या हातावर झेपावलं. बाईंनाही खांब व्हायला शिकवावं लागलं, हिंदीत. मधले दिवस सोपे गेले नाहीत. एकदा काका फोनवर साहेबांशी बोलत असताना त्याने त्यांचा पायजमा धरला, आणि काका हॉलच्या मध्यभागी थिजून "जी सर, बिल्कुल सर, नोट आज ही भिजवाता हूँ सर" म्हणत राहिले. पायजमा ओल्या तोंडातून सुटेपर्यंत त्यांनी पाऊल हलवलं नाही. काकू हसून हसून भिंतीला टेकल्या. मी हसलो नाही. मी अजून त्यांच्या घरात मोकळा झालो नव्हतो. जेवायला बस म्हटलं की आधी भांडी उचलायला धावायचो. एकदा काकू म्हणाल्या, "भाकरी थापता येते का तुला? की तेही मी धरून चालायचं?" बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मग दोघंही हसलो, थोडंसं.

चावणं कमी झालं. बंद झालं असं म्हणता येणार नाही.

आजी आल्या त्या दिवशी मीही होतो. सामान वर आणायला काकूंनी बोलावलं होतं. बाहेर धुराने आकाश पिवळट झालं होतं. आजी एक एक पायरी चढत वर आल्या, खोकत, दिल्लीच्या हवेला नावं ठेवत. काकांच्या दोन्ही हातांत पिशव्या. दार उघडलं आणि पिल्लू आतून धावत आलं.

ते आजींच्या पायांशी थांबलं. लुगड्याचा वास घेतला. काठीचा घेतला. मग पदराचं लोंबणारं टोक तोंडात धरलं.

आम्ही सगळे थिजलो. काका पिशव्यांसकट, काकू ओवाळायचं ताट हातात घेऊन, मुलगी एक पाय उंबऱ्यात. आजींनीही काठी घट्ट धरली. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्या घाबरल्या होत्या. कुणी ओरडलं नाही, कुणी ओढलं नाही. पिल्लाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला वाटलं. त्याला तो टॉवेलचा खेळ आठवत असला तर तो मीच शिकवलेला होता.

मग त्याने पदर सोडला आणि ते खाली बसलं. मुलीने खिशातून त्याचा रबरी चेंडू काढून पुढे केला.

"बघा बाबा," ती म्हणाली.

"बघितलं," काका म्हणाले, आणि पिशव्या खाली ठेवल्या. फार्महाऊसचं नाव पुन्हा निघालं नाही.

आजी सोफ्यावर टेकल्या. पाणी प्यायल्यावर त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आणि हा कोण गं मुलगा?"

"हा ना," काकू म्हणाल्या, "हा मेंढ—" आणि थांबल्या. "हा शिकतो इथे. फार गुणी आहे."

त्यांनी ते माझ्यासाठी गाळलं, हे मला कळलं. मला बरं वाटायला हवं होतं. उलट कट्ट्यावर बसलो होतो त्या दुपारसारखंच वाटलं; मेंढरांचा आवाज येतोय आणि पलीकडे कुणी बोलत नाही. आबांचं काम झाकून ठेवायची गोष्ट झाली होती, आणि ती तशी व्हायला मीच कारण होतो.

"माझे वडील मेंढपाळ आहेत, आजी," मी म्हणालो.

"हो का?" आजींचा चेहरा उजळला. त्यांनी पायाशी बसलेल्या पिल्लाकडे काठीने दाखवलं. "मग तुमच्याकडे कुत्री असतीलच."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"आहेत," मी म्हणालो. "पण मला त्यातलं काही येत नव्हतं. मी इथेच शिकलो, याच्याबरोबर."